फोटोपुरती ईद

कचऱ्याच्या डब्यात माझा शिरखुर्मा होता. कपासकट.

कॅन्टीनच्या मागे हात धुवायची जागा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं माझा स्टीलचा डबा न्यायला गेले. बेसिनशेजारी कचऱ्याचा मोठा निळा डबा, त्यात कागदी कप. एकाही कपाला ओठ लागलेला नव्हता. वर चारोळी तशीच, खजुराचे काप तसेच, साय धरलेली. दोन-तीन कप आडवे होऊन दूध खालच्या केळीच्या सालींवर सांडलं होतं. शेवया सालींना चिकटल्या होत्या.

कॅन्टीनची झाडलोट करणारी सखूमावशी तिथंच फडकं पिळत होती. मला म्हणाली, "फोटो झाला आणि साहेब लोक एकेक करून इकडं आले. टाकून गेले गं. मला वाटलं नासलंय."

"नासलं नव्हतं मावशी."

"मग?"

मग काय. मी नळ सोडला आणि डबा घासायला लागले. स्वच्छ झाला तरी घासत राहिले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा हात थांबवले आणि मशीनवर गेले.

ईदचा दिवस होता तो.

चाकणच्या एका कंपनीत मी प्रेसवर होते. गाडीच्या सीटखाली लोखंडी ब्रॅकेट असतं, ते आम्ही काढायचो. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून ठोका पडतो, तुकडा तयार. सहा वर्षं हेच केलं. ठेकेदाराच्या नावावर. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. इथं ठेक्यावरचा प्रत्येक माणूस एकाच शब्दावर जगतो. कायम. कायम झालं की दर ब्रेकनंतर नव्या कार्डासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. माझा नवरा चिखलीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीननं नेली. तेव्हापासून मिळेल ते करतो, नाहीतर घरी बसतो. मुलगी दहावीला. म्हणजे कायम व्हायचं होतं ते मीच. घरात दुसरं कुणी नव्हतं.

एचआरच्या मॅडम स्वभावाने वाईट नव्हत्या. हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील ही बाई डूख धरून बोलते. गोड बोलायच्या. मला ताई म्हणायच्या. ईदच्या आठवडाभर आधी मला बोलावलं. "ताई, बाहेरच्या देशातून साहेब येणारेत. आपल्याकडे सगळ्यांचे सण होतात हे दाखवायचंय. तू ईदला शिरखुर्मा आणशील ना?"

मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी माझी ऐच्छिक सुट्टी आहे. अर्ज दिलाय."

"सुट्टी दुसऱ्या दिवशी घे की. आणि हो, कायमची यादी निघणारे. तुझं नाव मी सुचवलंय."

दोन्ही वाक्यं एका दमात. कळायचं ते मला कळलं.

पहाटे उठून दूध आटवलं. नवरा नमाजला निघायच्या तयारीत होता. मुलगी डोळे चोळत म्हणाली, "अम्मी, ईदला पण?" मी म्हटलं, एकच वर्ष. सहाची कंपनीची बस. पाच लिटरचा डबा मांडीवर. मोशीच्या रस्त्यावर खड्डे काय कमी आहेत, झाकणावर दोन्ही हात दाबून बसले होते. चाकण येईपर्यंत मांडी भाजली, पण थेंब सांडू दिला नाही.

मीटिंगच्या खोलीत मॅडमनी पिशवीतून एक हिरवी ओढणी काढली. टिकल्या लावलेली, कोरी करकरीत, किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती.

"ताई, जरा डोक्यावर घे ना."

मी कधी ओढणी घेत नाही. माझी सासूसुद्धा डोक्यावर पदर घ्यायची, गावातल्या सगळ्या बाया घेतात तसा, त्यात हिंदू-मुसलमान काही नव्हतं. कंपनीत डोक्यावर टोपी असते, केस मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून. मी तसं म्हटलं.

मॅडम हसल्या. "नाहीतर फोटोत कळणार कसं?"

कळणार कसं. म्हणजे मी कोण आहे ते. टोपी काढून ओढणी घेतली. कप भरले. साहेब लोक माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. एकानं हळूच विचारलं, "दूधच आहे ना नुसतं?" मी म्हटलं, "दूध, शेवया, साखर, खजूर." "नाही, सहज विचारलं," तो म्हणाला. कप वर करा, म्हणाले. केले. हसा, म्हणाले. हसले. फोटो झाल्यावर मॅडमनी ओढणी माझ्या डोक्यावरून काढली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. कंपनीची वस्तू होती ती.

फोटो लगेच ग्रुपवर आला. 'आमच्या परिवाराकडून सर्वांना ईद मुबारक.' खाली बारीक अक्षरात, 'विविध पार्श्वभूमीच्या आमच्या एक सहकारी.' माझं नाव नव्हतं. त्याआधी एक ट्रेनिंग झालं होतं, कुणाला काय म्हणायचं याचं. हिंदू, मुसलमान असं म्हणायचं नाही, 'विविध पार्श्वभूमीचे' म्हणायचं. तेव्हापासून आमच्या लाइनवरची पोरं मला चिडवायची, "काय विविधताई, झालं का जेवण?" त्यांच्या चिडवण्याचा मला राग नव्हता. ती माझ्या डब्यातली भाजी खायची.

हे मी सगळं गिळलं. कचऱ्यातले कप पाहिले आणि गिळलं. कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. त्यानं विचारलं, "खाल्लं का लोकांनी?" मी म्हटलं, "डबा रिकामा आणलाय, बघ." यादी लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. लाज वाटते आता सांगायला, पण ठरवलं होतं.

माझा आजा आतार. करमाळ्याच्या बाजूला खेडोपाडी पेटी घेऊन फिरायचा. कुंकू, बुक्का, काळी पोत, अत्तराच्या बाटल्या. आसपासच्या गावांतल्या बायांच्या कपाळाला आमच्या पेटीतलं कुंकू असायचं. पण ईदला पाटलांच्या घरी आम्ही शिजवलेला शिरखुर्मा नेत नव्हतो. शिधा न्यायचो. कोरड्या शेवया, साखर, तांब्याभर दूध. ते लोक आपल्या चुलीवर शिजवून खायचे. मी सात-आठ वर्षांची असताना पाटलीणबाईंना विचारलं होतं, "आमचं शिजवलेलं का नाही घेत?" त्या म्हणाल्या, "नाही चालत बाई आम्हांला." तोंडावर म्हणाल्या. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की तांब्या तिथंच ओट्यावर ठेवून पळाले. तेही वाईटच होतं. मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण पाटलीणबाईंनी हसत हसत घेऊन ते उकिरड्यावर ओतलं नसतं. मला ओढणी घालून फोटो काढला नसता.

मग खंडेनवमी आली.

आमच्या पट्ट्यात सगळ्या कंपन्यांत त्या दिवशी मशीनची पूजा होते. आदल्या दिवशी मशीन पुसून लख्ख करायचं. सकाळी झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. पूजा झाली की प्रत्येक मशीनवर मुहूर्ताचे पाच तुकडे काढायचे. मग सुट्टी. आधीची पाच वर्षं माझ्या प्रेसला हार मीच बांधला. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. आमच्यात हे बसत नाही, मला माहीत आहे. नवरा कुरकुर करायचा. मी म्हणायचे, ज्या मशीननं माझी दहाही बोटं शाबूत ठेवली त्याला एक हार घातला तर अल्ला काय माझ्यावर रागावणार आहे? तो स्वतःच्या हाताकडे बघायचा.

या वेळी आदल्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "ताई, यंदापासून कुणाच्याही श्रद्धेवर काही लादायचं नाही असं धोरण आहे. तुला पूजेतून सूट दिलीय. तू कॅन्टीनमध्ये बस. नाश्ता ठेवलाय."

"मला कुणी लादलं नाही मॅडम. हार मी माझ्या मनानं बांधते."

"तू भिडेखातर करत असशील ताई. आता तशी गरज नाही."

माझ्या मनात काय आहे ते त्यांच्याकडे कागदावर छापून आलं होतं. मला विचारायची गरजच नव्हती. मी लाइनवर परत गेले. आमचे लाइन लीडर गोरक्षभाऊ, जवळच्याच गावचे. कंपनीच्या पार्किंगखाली त्यांच्या बापाचं वावर गेलंय. मला म्हणाले, "आमास्नी तसलं काय न्हाई बघ ताई. पर वरून कागद आलाय. तू बस जा तिकडं." हे माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत म्हणाले.

बसले. केरळचा एक फिटर, बिहारचे दोन वेल्डर आणि मी. चौघांपुढं पोह्यांच्या प्लेटा. फिटर म्हणाला, "चलो, आराम मिला." आत आरती चालली होती, टाळ वाजत होते. माझ्या प्रेसला दुसरंच कुणी हळद लावत होतं. घरातल्या लग्नात आपल्यालाच बाहेर बसवावं तसं झालं मला. रडू येत होतं, पण पोह्यांच्या प्लेटीपुढं रडायचं म्हणजे लोक विचारणार, काय झालं. काय सांगायचं? मला आदरानं बाहेर बसवलंय, म्हणून रडते?

टाळ थांबले. मुहूर्ताचे ठोके सुरू झाले. एक मशीन, दुसरं, तिसरं. मग मध्येच शांत. जरा वेळानं गोरक्षभाऊ धापा टाकत आले. "ताई, चल. तुझी प्रेस चालू व्हईना."

गेले. सगळे घोळका करून उभे. मोठे साहेब हातात नारळाची वाटी घेऊन थिजलेले. मागं कुणीतरी अपशकुन म्हणून कुजबुजलं.

मला लांबूनच दिसलं काय झालंय ते. प्रेसच्या तोंडापाशी दोन्ही बाजूंना उभे सेन्सर असतात. मध्ये हात गेला की मशीन जागीच थांबतं. त्यामुळेच माझी बोटं राहिली. यांनी हार बांधला तो बरोबर त्या दोघांच्या मध्ये, घराच्या दाराला तोरण लावतात तसा. आणि सेन्सरच्या काचेवर कुंकवाची दोन बोटं ओढलेली. काच कपाळासारखी दिसली असेल. मशीनला वाटणार की माणसाचा हात आत आहे. ते चालूच होणार नाही. पाच वर्षं हार मी वरच्या पट्टीला बांधत होते आणि कुंकू खाली, पायापाशी लावत होते. यांच्यातल्या कुणी ते कधी पाहिलं नव्हतं.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

हार सोडला, वर बांधला. काचेवरचं कुंकू आधी फडक्यानं पुसलं, मग कडेचं राहिलं ते अंगठ्यानं काढलं. अंगठा लाल झाला. आजाचा अंगठा कायम तसा असायचा. दोन्ही बटणं दाबली. ठोका पडला. पाच तुकडे काढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, पेढा माझ्या हातावर आला.

आणि मॅडम आल्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ती हिरवी ओढणी. कपाटातून आणायला पळत गेल्या होत्या, दम लागला होता.

"ताई, किती सुंदर प्रसंग आहे हा. एवढी डोक्यावर घे आणि हाराजवळ उभी राहा. एकता दिसेल."

माझ्या मस्तकात आग गेली. इतके महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"नाही घेणार," मी म्हटलं.

"का गं?"

"पूजेला मी चालत नाही आणि फोटोला चालते. हे कसं?"

"अगं, ते तुझ्याच आदरासाठी..."

"ईदला माझे कप कचऱ्यात कुणी टाकले, ते या आदरवाल्यांना विचारा. फोटो काढायचा तर मी आहे अशी काढा. टोपीत. खाली माझं नाव लिहा. ओढणी घालणार नाही मी. आज नाही आणि पुढंही नाही."

कुणीतरी खोबरं चावत होतं ते थांबलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळे त्यांच्याकडे धावले. पाणी द्या, खुर्ची द्या. माझ्याकडे कुणी आलं नाही. मी पेढा खाल्ला, मशीन बंद केलं आणि बसमध्ये जाऊन बसले. अंगठा घरी जाईपर्यंत धुतला नाही.

दिवाळीनंतर यादी लागली. तीनदा वाचली. माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेल्यांची नावं होती. माझं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस ओळखीचा, तो कानाशी येऊन म्हणाला, "ताई, तुझ्या नावापुढं शेरा होता. टीममध्ये मिसळत नाही, असा."

मिसळत नाही. कॅन्टीनमध्ये वेगळं कुणी बसवलं मला? तो म्हणाला, "मला काय विचारतेस." माझं कार्ड घेतलं, ब्रेक दिला. नवं कार्ड आलंच नाही.

खोटं बोलणार नाही, मी मोडले. वाटलं, कशाला गेले बोलायला. नवरा म्हणाला, "घेतली असती ओढणी. एका मिनिटाचं काम होतं." कुदळवाडीतल्या भंगारच्या गोडाऊनमध्ये तारांवरचं प्लास्टिक सोलायला बसले. नखं फाटली. पोरीनं क्लास सोडला, मला न सांगता सोडला. त्या दिवशी मी मॅडमना मेसेज केला. 'सॉरी मॅडम. चूक झाली. परत घ्या.' माझ्या हातानं टाइप केलं. चूक झाली. पलीकडून हात जोडल्याचं चित्र आलं. बाकी काही नाही. ते चित्र बघत मी किती वेळ बसले होते मला आठवत नाही. मरण आलं तर बरं, असं वाटत होतं.

आणि यंदाच्या ईदच्या आदल्या दिवशी मॅडमचा मेसेज.

'ताई, ईदच्या शुभेच्छा. तुझा गेल्या वर्षीचा फोटो उद्या सगळीकडे टाकतोय. गेटवरच्या स्क्रीनवरपण. फार गोड आलाय. चालेल ना?'

दोनदा वाचला. या बाईच्या लक्षातही नव्हतं की मी आता तिथं नाही. किंवा लक्षात होतं आणि त्यानं काही बिघडत नव्हतं. फोटो आहे ना, मग बाई कशाला हवी. चूक झाली म्हणून लिहिलेला माझा मेसेज तिथंच वर दिसत होता. मला माझीच किळस आली. मी लिहिलं, 'चालणार नाही. काढून टाका.' उत्तर आलं नाही.

ईदच्या सकाळी गोरक्षभाऊंनी मोबाइलवर गेटचा फोटो पाठवला. वर स्क्रीनवर मी. हिरवी ओढणी, हातात कप, हसरं तोंड. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'ताई तू गेटवर हायस.'

मी शिरखुर्मा केला. शेजारीपाजारी वाटला. मग मुलीला म्हटलं, वही आण, तुझं अक्षर चांगलं आहे. अर्ज लिहून घेतला. फोटो कुणाच्या परवानगीनं लावला. टीममध्ये मिसळत नाही हा शेरा कुणी लिहिला, कशावरून लिहिला. सहा वर्षं काम केलेल्या बाईला यादीतून का वगळलं. उत्तर लेखी द्या. नवरा म्हणाला, "ईदच्या दिवशी कुठं निघालीस?" मी म्हटलं, "गेल्या वर्षी फोटोला गेले तेव्हा विचारलं नाहीस."

गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "कार्ड?"

"नाही."

"मग आत नाही."

मी वर बोट दाखवलं. "ती कोण आहे?"

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं रोज सकाळी याला रामराम घालून मी आत गेले होते. बिनओढणीची मी त्याला ओळखूच आले नाही.

"मी आहे ती. फोटो आत घेता आणि मला दारात उभं करता. अर्जावर आवकचा शिक्का मारून द्या."

"आज साहेब नाहीत. उद्या या."

"उद्या येते. परवाही येते."

आणि येतेय. अर्जाखाली माझं पूर्ण नाव आहे, माहेरच्या आडनावासकट, पोरीला मोठ्या अक्षरात लिहायला लावलंय. गोडाऊनला जायच्या आधी पहिल्या शिफ्टला मी गेटवर असते. बसमधले लोक बघतात. काही मान वळवतात. गोरक्षभाऊ खिडकीतून हात करतात, काच न उघडता. शिक्का अजून मिळालेला नाही. नोकरी परत मिळेल असंही मला वाटत नाही. पण तो शेरा कुणी लिहिला हे सांगितल्याशिवाय मी या गेटवरून हलणार नाही. मला माफी मागायची होती ती मागून झाली, आता पुन्हा नाही.

आणि यापुढं कुणी ईद मुबारक म्हणत माझ्याकडे आला, तर मी त्याच्या हातात कप देणार आणि तो रिकामा होईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहणार.